घरचा सूक्ष्मदर्शक : ज्वारीच्या पिठापासून बारवेच्या पाण्यापर्यंत

सूक्ष्मदर्शक घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो ‘हा किती पट मोठे दाखवतो’ असा. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. घरी बसून सूक्ष्म जग पाहण्याचा आनंद प्रामुख्याने ४० ते ४०० पटींच्या टप्प्यात मिळतो, आणि त्या टप्प्यात दृश्य स्वच्छ दिसते की धूसर, हे यंत्राच्या किमतीपेक्षा तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते: नमुना किती पातळ मांडला आहे, प्रकाश किती नेमका सोडला आहे, आणि काय शोधायचे हे पाहणाऱ्याने आधी ठरवले आहे का. या तिन्ही गोष्टी शिकता येतात. त्या शिकण्यासाठी लागणारे नमुने मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात, शेतात आणि पाणवठ्यावर आहेत, म्हणून पुढची सगळी उदाहरणे तिथूनच घेतली आहेत.

यंत्र निवडताना

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक या छंदाला पुरेसा आहे. वैज्ञानिक उपकरणे बनवणारे हरियाणातले अंबाला हे आपल्याकडचे मोठे केंद्र आहे, आणि तिथे तयार होणारी विद्यार्थ्यांसाठीची यंत्रे काही हजार रुपयांत मिळतात. वस्तूच्या बाजूचे भिंग म्हणजे ऑब्जेक्टिव्ह ४, १० आणि ४० पटींचे असावे व डोळ्याजवळचे भिंग म्हणजे आयपीस १० पटींचे असावे, म्हणजे ४०, १०० आणि ४०० पट असे तीन टप्पे मिळतात. १०० पटींचे चौथे ऑब्जेक्टिव्ह काचेवर विशिष्ट तेलाचा थेंब ठेवूनच वापरायचे असते. पहिल्या वर्षी त्याची गरज पडत नाही.

ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ४०/०.६५. यातला दुसरा आकडा न्युमेरिकल अ‍ॅपर्चरचा आहे आणि तोच खरा महत्त्वाचा आहे, कारण दोन बारीक ठिपके वेगळे दिसतील की एकच दिसतील हे त्यावर ठरते. ०.६५ आकड्याचे भिंग सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागापर्यंतचा फरक दाखवू शकते. कोणत्याही भिंगाचा उपयुक्त विस्तार या आकड्याच्या साधारण हजारपटीपर्यंतच जातो, त्यापुढे वाढवलेली प्रतिमा मोठी होते पण तिच्यात नवीन तपशील येत नाही. म्हणून प्लॅस्टिकची भिंगे असलेल्या खेळण्यावर ‘१२०० पट’ असे छापलेले असले तरी त्यातून मुलाला धुके दिसते आणि मूल कंटाळते. खेळण्यावर पैसे घालवण्यापेक्षा जुन्या प्रयोगशाळेतले काचेच्या भिंगांचे वापरलेले यंत्र घ्यावे. घेताना भिंगात बुरशीची जाळी नाही ना, आणि फोकसचे चाक फिरवून सोडल्यावर मंच, म्हणजे नमुना ठेवायचा सपाट भाग, आपोआप खाली सरकत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

फारच कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर कागदाच्या घडीचा फोल्डस्कोप आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो जगापुढे मांडला. त्यातून साधारण १४० पट मोठे दिसते, आणि तो खिशात घालून थेट शेताच्या बांधावर नेता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

प्रकाशासाठी आरसा असलेले यंत्र की दिवा असलेले, असा प्रश्न पडतो. भारनियमनाच्या गावात आरसा आणि एलईडी दिवा दोन्ही बसवता येणारे यंत्र सोयीचे पडते. आरसा वापरताना तो नेहमी मोकळ्या आकाशाकडे किंवा उजेडातल्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. सूर्याकडे आरसा कधीही, क्षणभरसुद्धा, वळवू नये. भिंगांमधून एकवटलेले सूर्यकिरण डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करतात. घरातल्या मुलांच्या हाती यंत्र देण्यापूर्वी त्यांना हे सांगावे आणि आरसा आपण स्वतः लावून द्यावा.

जवळ ठेवायचे साहित्य

७५ बाय २५ मिलिमीटरच्या काचपट्ट्या आणि त्यांवर झाकायच्या पातळ कव्हर स्लिप जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात मिळतात. याखेरीज एक ड्रॉपर, दोन बारीक सुया, चिमटा, नवे ब्लेड, टिपकागद आणि मऊ मलमलीचा धुतलेला तुकडा लागतो. रंगांसाठी दूर जावे लागत नाही. जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीन पाण्यात सौम्य केले की स्टार्चसाठी उत्तम चालते. मिथिलीन ब्लू शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते आणि जेन्शियन व्हायोलेट औषधाच्या दुकानात. हे दोन्ही रंग हातावरून व कपड्यांवरून लवकर जात नाहीत, म्हणून थाळीत वर्तमानपत्र अंथरून त्यावरच काम करावे.

पहिली बैठक

पहिल्यांदा कांदाच घ्यावा, कारण त्यात हात बसतो. कांदा उभा चिरून आतली एक रसरशीत पाकळी सोडवावी. तिच्या आतल्या, खोलगट बाजूवर ब्लेडने करंगळीच्या नखाएवढा चौकोन आखून चिमट्याने त्याचा कोपरा उचलला की पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. काचपट्टीवर आधी पाण्याचा एक थेंब टाकून त्यावर पापुद्रा पसरावा, आणि गुंडाळला गेला तर सुईने उलगडावा. मग कव्हर स्लिपची एक कड थेंबाला टेकवून दुसरी कड सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडावी. वरून सपाट ठेवली तर हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेची वाटोळी आकृती दिसली की ती पेशी नसून बुडबुडा आहे हे ओळखायला शिकणे, हा या छंदातला पहिला धडा आहे.

आता सर्वांत कमी शक्तीचे, ४ पटींचे ऑब्जेक्टिव्ह लावावे. बाजूने पाहत मंच भिंगाच्या जवळ आणावा आणि नंतरच आयपीसमधून पाहत मंच भिंगापासून दूर नेत फोकस साधावा. हा क्रम उलटा केला तर भिंग काचेवर आदळते. ४० पटींच्या ऑब्जेक्टिव्हचे टोक काचेपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असते, त्यामुळे तिथे मोठे चाक न वापरता फक्त बारीक चाक फिरवावे. प्रतिमा उलटी दिसते आणि काचपट्टी डावीकडे सरकवली की दृश्य उजवीकडे जाते, याची सवय थोड्याच वेळात होते.

विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या लांबट पेशी दिसल्या की काचपट्टी काढून न घेता कव्हर स्लिपच्या एका कडेला सौम्य आयोडीनचा थेंब ठेवावा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावावा. कागद पाणी शोषतो आणि रंग आपोआप नमुन्याखालून ओढला जातो. काही क्षणांत प्रत्येक पेशीतले केंद्रक पिवळसर तपकिरी होऊन उठून दिसते. रंग न घालता दुसरा ताजा पापुद्रा ४०० पटींवर संयमाने पाहिला तर पेशीच्या कडेने बारीक कण सरकताना दिसतात. तो पेशीद्रव्याचा प्रवाह असतो. स्वयंपाकघरात चिरून ठेवलेला कांदा जिवंत असतो हे एकदा पाहिलेले माणूस विसरत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचा कोरडा उन्हाळा कव्हर स्लिपखालचे पाणी काही मिनिटांत उडवतो आणि चांगला नमुना डोळ्यांदेखत सुकतो. त्यासाठी कव्हर स्लिपच्या चारही कडांना काडीने व्हॅसलिनची पातळ रेघ ओढावी, किंवा पाण्याच्या थेंबात थोडे ग्लिसरीन मिसळावे. ग्लिसरीनमध्ये पाण्यातले जीव मात्र मरतात, म्हणून जिवंत नमुन्यांना व्हॅसलिनच लावावे.

प्रकाश सोडण्याचे कौशल्य

मंचाखाली प्रकाश एकवटणारे कंडेन्सर असते आणि त्याला उघडझाप करणारा पडदा, म्हणजे डायफ्राम, असतो. पुष्कळ लोक तो पूर्ण उघडा ठेवून पाहतात आणि मग काहीच दिसत नाही अशी तक्रार करतात. रंगवलेला नमुना असेल तर डायफ्राम बराचसा उघडा ठेवावा. न रंगवलेला, काचेसारखा पारदर्शक नमुना असेल तर तो हळूहळू मिटत जावा, म्हणजे कडा गडद होतात आणि पाण्यात न दिसणारा जीव एकदम नजरेत येतो. फार मिटला तर बारीक तपशील नाहीसे होतात, त्यामुळे प्रत्येक वेळी ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर डायफ्रामही बदलायचा असतो. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर त्यासाठी दिव्याचे बटण वापरावे.

दोन स्वस्त युक्त्यांनी हेच यंत्र कितीतरी अधिक दाखवू लागते. पहिली अशी की पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकतीवर मधोमध साधारण १० ते १४ मिलिमीटर व्यासाचा काळा कागदी ठिपका चिकटवून ती चकती कंडेन्सरखाली ठेवावी. सरळ येणारा प्रकाश अडतो, कडेने येणारा तेवढा नमुन्यावर पडतो आणि पाण्यातले जीव काळ्या पार्श्वभूमीवर उजळ दिसतात. हे ४ आणि १० पटींच्या ऑब्जेक्टिव्हला चांगले जमते. दुसरी युक्ती ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची आहे. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक फिल्म किंवा पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा मिळवाव्यात, एक दिव्यावर आणि एक आयपीसवर ठेवावी, आणि वरची काच फिरवत दृश्य काळे होईपर्यंत न्यावी. त्या काळोखात स्टार्चचे कण, साखरेचे स्फटिक आणि कित्येक धागे स्वतःहून चमकतात. शेतातल्या युरियाचे दोन दाणे पाण्याच्या थेंबात विरघळवून तो थेंब काचपट्टीवर सुकू दिला तर सुया वाढत जाताना दिसतात. हे दृश्य मुलांना जरूर दाखवावे.

आकार मोजणे

पाहिलेली वस्तू किती मोठी आहे हे सांगता आले नाही तर नोंद अपुरी राहते. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी मंचावर ठेवून ४ पटींच्या ऑब्जेक्टिव्हमधून दृश्याचा व्यास किती मिलिमीटर आहे हे पाहावे. समजा तो ४.५ मिलिमीटर भरला, तर १० पटींच्या ऑब्जेक्टिव्हला १.८ आणि ४० पटींच्या ऑब्जेक्टिव्हला ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन व्यास असणार. मग ४०० पटींवर एखादा जीव दृश्याच्या निम्म्या रुंदीत मावला तर तो सुमारे २२५ मायक्रॉन लांब आहे असे लगेच सांगता येते. हे आकडे कागदावर लिहून यंत्राच्या पायाला चिकटवून ठेवावेत.

पिठाच्या डब्यात

मराठवाड्याच्या घरात सूक्ष्मदर्शकाला सर्वांत जास्त काम कोठे मिळत असेल तर ते पिठाच्या डब्यांत. सुईच्या टोकावर मावेल एवढेच पीठ पाण्याच्या थेंबात सोडावे, कारण चिमूटभर टाकले तर गर्दीत एकही कण सुटा दिसत नाही. गव्हाच्या पिठात दोन आकारांचे कण ठळक दिसतात, एक २० ते ३५ मायक्रॉनचे चपटे गोल आणि दुसरे १० मायक्रॉनपेक्षा लहान. ज्वारीचे कण मध्यम आकाराचे असतात, दाण्याच्या टणक भागातले एकमेकांना दाबून कोनदार झालेले आणि मऊ पांढऱ्या भागातले गोलसर. तांदळाचे कण फार लहान, ३ ते ८ मायक्रॉनचे आणि कोनदार असतात. बटाट्याच्या चिरलेल्या कडेवर काचपट्टी नुसती टेकवली तरी मोठे अंडाकृती कण मिळतात आणि त्यांवर एका टोकाशी एकवटलेली वलये दिसतात. मूग-वाटाण्याच्या लांबट कणांच्या मधोमध उभी भेग असते. ही ओळख एकदा पक्की झाली की कोणते पीठ कशाचे आहे हे डब्यावरचे नाव न वाचता सांगता येते.

इथून पुढे एक प्रयोग सुचवतो, जो माझ्या दृष्टीने या छंदातला सर्वांत समाधान देणारा आहे. भाकरीसाठी ज्वारीचे पीठ गरम पाण्यात का मळतात, हे डोळ्यांनी पाहायचे. ज्वारीत गव्हासारखे चिवट ग्लुटेन नसते, त्यामुळे पिठाला चिकटपणा यायला स्टार्च अंशतः शिजावा लागतो, आणि ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतो. तीन नमुने करावेत: कोरडे पीठ थंड पाण्यात, गरम पाण्यात मळलेल्या पिठाचा तुकडा पाण्यात कुस्करून, आणि भाजलेल्या भाकरीच्या आतल्या भागाचा कण तसाच कुस्करून. ध्रुवित प्रकाशात पहिल्या नमुन्यातला प्रत्येक कण उजळ दिसतो आणि त्यावर काळी फुली असते. दुसऱ्या नमुन्यात काही कणांची फुली नाहीशी झालेली व ते फुगलेले असतात. तिसऱ्यात फुली असलेले कण शोधावे लागतात. कणाच्या आतली रेणूंची शिस्तबद्ध मांडणी उष्णतेने मोडली की फुली जाते. हीच परीक्षा पुरणपोळीची कणीक, धपाटे, ताकातली अंबील यांनाही लावून पाहावी.

हळदीलाही हीच पद्धत उपयोगी पडते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या भागात काढणीनंतर हळकुंडे उकडून वाळवतात हे सर्वांना ठाऊक आहे. उकडल्यामुळे हळदीतला स्टार्च आधीच फुगून पिवळ्या गोळ्यांच्या रूपात दिसतो. त्या पुडीत फुली दाखवणारे स्वच्छ, सुटे, पांढरे कण मोठ्या संख्येने दिसले तर कच्चे पीठ मिसळले असल्याची शंका घेता येते. ही केवळ शंका आहे, पुरावा नव्हे. रंगाची किंवा शिसेयुक्त रसायनाची भेसळ सूक्ष्मदर्शकाने ओळखता येत नाही, त्यासाठी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो.

काळी पडलेली ज्वारी

खरिपाची ज्वारी दाणे भरताना किंवा पक्व होताना पावसात सापडली की काळी पडते. तो काळेपणा म्हणजे दाण्यावरची बुरशी, आणि तिच्यासारखे सुंदर नमुने बाजारातल्या तयार काचपट्ट्यांतही क्वचित मिळतात. एका झाकणाच्या डबीत ओला टिपकागद अंथरून त्यावर पाच-सहा काळे दाणे एकमेकांपासून दूर ठेवावेत आणि डबी तीन ते पाच दिवस सावलीत बंद ठेवावी. दाण्यांवर लव उगवली की नाका-तोंडाला मास्क लावून डबी उघडावी, पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा त्या लवेला हलकेच टेकवावा आणि काचपट्टीवरच्या मिथिलीन ब्लूच्या थेंबावर तो चिकटवावा. ४०० पटींवर कर्व्ह्युलेरिया या बुरशीचे वाकडे, तपकिरी, आडव्या पडद्यांनी चार खणांत विभागलेले बीजाणू दिसतात. मधले खण मोठे व गडद असतात आणि त्यांच्यामुळेच बीजाणूला बाक येतो. फ्युजेरियमचे बीजाणू रंगहीन, लांब, दोन्ही टोकांना निमुळते असतात. अल्टरनेरियाच्या बीजाणूंत आडवे आणि उभे असे दोन्ही पडदे असतात.

कणसात दाण्यांच्या जागी राखाडी पुड्या आल्या असतील तर ती काणी. अशी एक पुडी फोडून तिच्यातली काळी भुकटी सुईच्या टोकाने पाण्यात मिसळली तर हजारो वाटोळे, जवळपास एकाच मापाचे बीजाणू दिसतात. मळणीच्या वेळी हेच बीजाणू निरोगी दाण्यांना चिकटून पुढच्या पेरणीत जातात. पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक का चोळायचे, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला यापेक्षा चांगले साधन नाही. काम झाल्यावर डबी न उघडता उकळत्या पाण्यात टाकावी किंवा जाळावी, आणि बुरशीचे दाणे जनावरांनाही घालू नयेत.

पानांवर थोडक्यात सांगतो. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन वाळल्यावर चिकटपट्टीने उचलला की पर्णरंध्रांचा ठसा मिळतो. तुरीच्या पानावर रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशी बाकदार असतात, तर ज्वारीच्या पानावर त्या मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना फुगीर असतात. कपाशीच्या पानावर चांदण्यांसारख्या फांद्या फुटलेली लव असते, आणि त्याच पानावरचा मावा पाण्याच्या थेंबात ४० पटींवर पाहिला तर आईच्या पोटातल्या पिलांचे लाल डोळे बाहेरून दिसतात, कारण मावा अंडी न घालता पिले जन्माला घालतो.

पाण्यातले जीव

पाण्याच्या नमुन्यासाठी नाथसागरापर्यंत जायलाच हवे असे नाही. कडब्याच्या चार कांड्या बोटभर तुकडे करून अर्ध्या लिटर विहिरीच्या पाण्यात टाकाव्यात, त्यात तळ्याकाठच्या चिखलाचा एक चमचा घालावा आणि बरणी कापडाने झाकून उन्हापासून दूर ठेवावी. नळाचे पाणी असेल तर ते आधी एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन निघून जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होते आणि वर पातळ साय येते, ती जिवाणूंची असते. मग त्या जिवाणूंवर जगणारे कोल्पोडासारखे लहान केसाळ जीव येतात आणि पुढे आठवड्याभरात पॅरामीशियम दिसू लागतो. रोज एकाच वेळी साईच्या कडेचा एक थेंब आणि तळाचा एक थेंब पाहिला तर कोण आधी येते, कोण कोणाला खाते आणि अन्न संपल्यावर काय होते हे क्रमाने कळते. पॅरामीशियम फार वेगाने पळतो. त्याला अडवण्यासाठी थेंबात कापसाचे दोन-चार तंतू पसरावेत, त्यांच्या कुंपणात तो थबकतो.

बारव, हौद किंवा तलाव यांतले जीव पकडायला बादलीभर पाणी दुहेरी मलमलीतून सावकाश ओतावे आणि कापड उलटे करून वाटीभर पाण्यात झटकावे. त्या वाटीत झटके देत पोहणारा, एका डोळ्याचा, मादी असेल तर शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या वाहणारा जीव म्हणजे सायक्लॉप्स. तो अर्धा ते दोन मिलिमीटरचा असतो, म्हणून ४ पटींचे ऑब्जेक्टिव्ह पुरते.

या जिवाचा आपल्या भागाशी जुना आणि दुःखद संबंध आहे. नारूचा जंत सायक्लॉप्सच्या पोटातून माणसात येत असे. रोग्याच्या पायातून बाहेर पडणारा जंत पाण्यात शिरल्यावर अळ्या सोडी, त्या सायक्लॉप्स खाई, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात साधारण वर्षभराने नवा जंत तयार होई. पायऱ्या उतरून ज्यांच्या पाण्यात शिरावे लागते अशा बारवा या साखळीला पोषक होत्या, आणि महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. पाणी दुहेरी कापडातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींचा पिण्यासाठी वापर थांबवणे आणि हातपंप देणे यांनी ती साखळी तुटली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. घरात नारू पाहिलेले आजोबा-आजी असतील तर त्यांना सायक्लॉप्स जरूर दाखवावा आणि त्यांच्याकडून त्या काळची हकीकत लिहून घ्यावी. ज्या कापडाने आपण जीव गोळा केले त्याच कापडाने गावे वाचली.

टंचाईत पाणी साठवलेल्या पिंपांतल्या डासांच्या अळ्याही याच पद्धतीने पाहाव्यात. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहणारी, श्वसननळी नसलेली अळी हिवतापाच्या अ‍ॅनॉफिलीस डासाची असते. डोके खाली करून लोंबणारी, आखूड नळीची अळी बहुधा डेंग्यूच्या एडिसची असते. पाहून झाल्यावर ते पिंप रिकामे करून घासून वाळवावे.

पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर उगवणारे मॉस बशीत पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पिळावे आणि खाली बसलेला गाळ पाहावा. आठ पायांचे, अर्ध्या मिलिमीटरहून लहान जलअस्वल त्यात मिळू शकते, आणि चक्रधारी रोटिफर तर बहुधा मिळतातच. मॉस घरच्या भिंतीवरचेच घ्यावे. वेरूळ, अजिंठा, देवगिरी किल्ला किंवा बीबी का मकबरा अशा संरक्षित वास्तूंवरून काहीही खरवडू नये.

धागे

कापसाचा धागा सुकताना आतून बसतो, म्हणून तो पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. अपक्व तंतूंत हा पीळ फारसा नसतो. घोंगडीच्या लोकरीवर खवले असतात, रेशीम गुळगुळीत असते, आणि कृत्रिम रेशमावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. पैठणीच्या पदराआडचा सुटलेला धागा किंवा हिमरूचा कापूस-रेशमी धागा यांच्याशी तुलना करून पाहावी.

नोंदवही

प्रत्येक नमुन्याला तारीख, ठिकाण, किती पटींवर पाहिले, कोणता रंग वापरला, अंदाजे आकार आणि पेन्सिलीने काढलेली आकृती एवढे हवेच. आयपीसवर मोबाइल धरून काढलेले छायाचित्र उपयोगी असते, पण चित्र काढताना नजर ज्या गोष्टींवर थांबते त्यांवर छायाचित्र काढताना थांबत नाही. जिवाचे नाव ठरवण्याची घाई करू नये. ‘सुमारे १५० मायक्रॉन, कडेने केस, फिरत पुढे जातो, तळाशी सापडला’ अशी नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची असते, कारण नाव पुढे कधीही लावता येते. घरी रक्त, थुंकी किंवा जखमेतला स्राव तपासू नये. स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशी स्वच्छ काडीने घेऊन पाहिल्या तर चालते, मात्र काडी कोणाची कोणाला वापरू नये.

यंत्राची निगा

आपल्याकडे भिंगांचे दोन शत्रू आहेत, उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी. धूळ आधी रबरी फुंकणीने उडवावी, कोरड्या कापडाने घासू नये, कारण बारीक वाळूचे ओरखडे कायम राहतात. चिकट डाग असेल तर मलमलीच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून मध्यापासून बाहेर गोल पुसावे. दृश्यात ठिपका दिसत असेल तर आयपीस फिरवून पाहावा. ठिपका बरोबर फिरला तर घाण आयपीसवर आहे, काचपट्टी सरकवल्यावर सरकला तर काचेवर, आणि दोन्हींनी हलला नाही पण सगळेच धूसर दिसत असेल तर बहुधा ऑब्जेक्टिव्हच्या टोकाला पाणी किंवा रंग लागला आहे. जून ते सप्टेंबर यंत्र चामड्याच्या किंवा लाकडी पेटीत कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. रंग बदलणारे जेल घेतले तर ते ओले झाल्याचे कळते आणि तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येते. तो तवा भाकरीचा नसावा.